बाबांचा पट्टा, वहिनीची भिंत आणि इनक्युबेटरचा खालचा कप्पा

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी तरुणी पेशीजीवशास्त्रात पीएचडी करते आहे, दोन वर्षं झाली. वडिलांचा गुडघा दुखतो. त्यांनी चुंबकाचा पट्टा बांधायला सुरुवात केली आणि फिजिओथेरपीचे व्यायाम सोडून दिले. ‘हे थोतांड आहे’ असं तिने तोंडावर सांगितलं, तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मग तिच्या वाचनात आलं की अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही पेशींवर परिणाम होतो, असे प्रयोग नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आले आहेत. वडिलांनीही नेमकं तेच कुठूनसं वाचलं आणि न बोलता कात्रण तिच्या टेबलावर ठेवलं. वहिनी गरोदर आहे. तिच्या उशामागच्या भिंतीपलीकडे विजेचा मीटर आहे, आणि या चर्चेने तिची झोप उडाली आहे. शेवटी कुतूहलापोटी या मुलीने फोनमधल्या ॲपने स्वतःच्या इनक्युबेटरमधलं (पेशी वाढवायच्या उबदार पेटीतलं) चुंबकीय क्षेत्र मोजलं. वरच्या कप्प्यात ४० मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास, खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ११० च्या वर. गाईड म्हणाले, ‘असलं खणत बसलीस तर थिसिस संपायचा नाही.’ ती विचारते: बाबांची माफी मागू का? आणि दोन वर्षांचा डेटा फेकून देऊ का?

*

तुमच्या घरात तिघांनाही एकाच शब्दाने घोळात घातलंय: ‘परिणाम’. बाबांनी त्याचा अर्थ ‘गुण’ असा घेतला, वहिनींनी ‘बाधा’ असा घेतला आणि तुम्ही ‘माझी दोन वर्षं बुडाली’ असा घेतला. तो शब्द बिचारा इतकंच सांगतो की पेशीत काहीतरी मोजता येण्याजोगं बदललं. ते चांगलं की वाईट, किती वेळ टिकतं, काचेच्या प्लेटबाहेर त्याला काही अर्थ आहे का, यातलं काहीच तो सांगत नाही.

आधी बाबांशी झालेल्या भांडणात तुम्ही किती बरोबर होतात ते पाहू, कारण बऱ्याच बरोबर होतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाच्या अगदी पृष्ठभागाशी ते काही मिलिटेस्ला (एक मिलिटेस्ला म्हणजे हजार मायक्रोटेस्ला), म्हणजे पृथ्वीच्या शंभरेक पट. एमआरआयच्या बोगद्यात १.५ किंवा ३ टेस्ला. पृथ्वीच्या तीस-साठ हजार पट. ‘चुंबक रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण सुधारतं’ असं पट्ट्याच्या खोक्यावर छापलेलं असलं, तर ते खुशाल खोडून टाका. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं की ऑक्सिजन घेतलेल्या रक्ताला चुंबक किंचित दूर लोटतं आणि ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताला किंचित ओढतं, आणि हे ‘किंचित’ फारच किंचित आहे. खिळ्यातल्या लोखंडासारखं आपलं रक्त चुंबकाकडे धावत असतं, तर एमआरआयमधून कोणी धड बाहेर आलं नसतं. (१९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १६ टेस्लाच्या क्षेत्रात एक जिवंत बेडूक हवेत तरंगत ठेवला होता, शरीरातल्या पाण्याला चुंबक थोडं दूर लोटतं, एवढ्याच जोरावर. बेडूक नंतर व्यवस्थित होता.)

दुसरा मुद्दा उष्णतेचा. पेशीतला प्रत्येक रेणू सतत धक्के खात असतो. एका इलेक्ट्रॉनवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी पकड असते, तिच्या सुमारे एक कोटी पट ऊर्जा शरीराच्या तापमानाला त्या धक्क्यांत असते. म्हणून भौतिकशास्त्राची माणसं वर्षानुवर्षं म्हणत आली की एवढ्याशा क्षेत्राने पेशीत काही होणं शक्यच नाही. मीसुद्धा वर्गात हेच शिकवलं आहे, आणि जरा जास्तच ठसक्यात शिकवलं आहे.

ठसका का सोडावा लागला ते सांगते. रेल्वेचा सांधा आठवा. शेकडो टनांची गाडी या रुळावरून त्या रुळावर न्यायची तर कोणी गाडी ढकलत नाही. गाडी इंजिनाच्या जोरावर येतच असते. सांधेवाला फक्त योग्य क्षणी खटका ओढतो. पेशीतल्या काही रासायनिक क्रिया अशाच एका सांध्यावरून जातात. एका रेणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि क्षणभर दोन्हीकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. याला रॅडिकल जोडी म्हणतात. त्या दोघांच्या स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकी गुण, जणू चिमुकली होकायंत्राची सुई) एकमेकांशी बांधलेल्या असतात आणि दोन अवस्थांमध्ये हिंदकळत राहतात. कोणत्या अवस्थेत असताना जोडी मोडते, यावर पुढे कोणता पदार्थ तयार होणार हे ठरतं. चुंबकीय क्षेत्र या हिंदकळण्याची लय बदलतं. गंमत अशी की उष्णतेचे धक्के रेणूला कितीही हलवोत, स्पिनला ते चटकन शिवत नाहीत. साधारण मायक्रोसेकंदभर ती आपल्या तंद्रीत राहू शकते, आणि तेवढा वेळ पुरतो. ऊर्जा सगळी रासायनिक क्रियेची, चुंबकाने फक्त सांधा बदलायचा.

ही कल्पना क्लाऊस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये पक्ष्यांच्या संदर्भात मांडली. युरोपियन रॉबिन हा चिमुकला स्थलांतर करणारा पक्षी पृथ्वीच्या क्षेत्रावरून दिशा ओळखतो, हे त्याआधी फ्रँकफर्टच्या प्रयोगांत दिसलं होतं. २००० मध्ये शुल्टेन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी संशयित रेणूही सुचवला: डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन. त्याची भावंडं आपल्याही पेशींत आहेत, तिथे ती दिवसरात्रीचं घड्याळ चालवायला मदत करतात. मला या कथेतला सर्वांत आवडता भाग जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गचा. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात रॉबिनना दिशा सापडेचना. शेवटी पक्षी ठेवलेल्या लाकडी खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावले, ते अर्थिंगला जोडले, आणि पक्षी एकदम ताळ्यावर आले. आवारातल्या विद्युत उपकरणांचा रेडिओ-गोंगाट त्यांना भोवत होता, आणि माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादांच्या तो कितीतरी खाली होता. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पेशींचं म्हणाल तर २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी हीला पेशींवर (प्रयोगशाळांत सर्रास वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर) निळा प्रकाश टाकला आणि जवळून चुंबक नेलं-आणलं. पेशींतल्या फ्लेविन नावाच्या रेणूंची मंद चकाकी प्रत्येक फेरीला साधारण ३.५ टक्क्यांनी उतरत होती. मात्र तिथलं चुंबक पृथ्वीच्या काहीशे पट होतं, आणि निळा प्रकाश चांगला प्रखर होता. पट्ट्याखालचा गुडघा अंधारात असतो. अंधारातही रॅडिकल जोड्या बनू शकतात असं मानणारे आहेत, तो वाद चालू आहे.

तुमच्या बाबांनी कात्रण ठेवलं ते बहुधा प्लॅनेरियाचं असावं. हा चपटा कृमी कापला तर पुन्हा वाढतो. २०१९ मध्ये वेस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटाने कापलेले कृमी एक मिलिटेस्लापेक्षा कमी क्षेत्रात ठेवले. २०० मायक्रोटेस्लाला नव्या ऊतीचा कोंब नेहमीपेक्षा लहान राहिला. ५०० ला तो मोठा झाला. हे वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखवा. तेच क्षेत्र, थोडं कमी-जास्त, आणि निकाल उलटा! गुडघ्यावरच्या पट्ट्याने आतल्या सांध्यात नेमके किती मायक्रोटेस्ला पडतात हे पट्टा विकणाऱ्याला माहीत असेल, याची मला मुळीच खात्री नाही.

आणि या विषयाचा दुसरा चेहराही पाहून ठेवा. फळमाश्यांना चुंबकीय क्षेत्र कळतं, असं बरीच वर्षं छापून येत होतं. २०२३ मध्ये एका गटाने ते प्रयोग पुन्हा केले. चक्रव्यूहातल्या प्रयोगात ९७,६५८ माश्या आणि काचेच्या नळीत चढण्याच्या प्रयोगात १०,९६०. काही दिसलं नाही. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने माश्यांच्या चेतापेशींत परिणाम दिसतो असं लिहिलं. दोन्ही गट कसलेले. ज्या विषयात लाखभर माश्या मोजूनही भांडण मिटत नाही, त्यात तुम्ही आणि बाबांनी एका संध्याकाळी निकाल लावायला बसू नये.

आता डेटा. तुम्ही गृहीत धरलंय की खालचा कप्पा वेगळा आहे तो चुंबकामुळे, म्हणून सगळं संपलं. इनक्युबेटरमध्ये क्षेत्र असमान असतं ही गोष्ट खरी आणि छापलेली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत एकाच इनक्युबेटरच्या आत काही सेंटिमीटरवर दहा-दहा, शंभर-शंभर मायक्रोटेस्लाचे फरक निघाले. पंख्याची मोटर, दाराच्या रबरातली चुंबकपट्टी, पोलाद. कारण शोधायला लांब जायला नको. पण त्याच मागच्या कोपऱ्यात पंख्याची थरथर आहे, हवेचा झोत आहे, प्लेटमधलं पाणी वेगाने उडतंय, आणि दार उघडलं की तिथलं तापमान सगळ्यात शेवटी सावरतं. चुंबक या रांगेत माझ्या मते बरंच मागे उभं आहे.

एकेकाळी मीही एका कॉइलच्या आत पेशी ठेवून तीन आठवडे आनंदात होते. वाढ स्पष्ट जास्त. मग कोणीतरी कॉइलमध्ये थर्मामीटर घातला: आतली हवा अर्ध्या अंशाने गरम. चुंबकीय परिणामाचं माझं पहिलंवहिलं संशोधन म्हणजे विजेची एक महागडी शेगडी होती. यावरचा उपाय तेव्हा मला शिकवला गेला आणि तो आजही उत्तम आहे: कॉइलला एकाऐवजी दोन तारा जोडीने गुंडाळायच्या. दोन्हींत प्रवाह एकाच दिशेने सोडला तर क्षेत्र मिळतं, उलट दिशांनी सोडला तर क्षेत्रं एकमेकांना खोडतात; उष्णता मात्र दोन्ही वेळा तेवढीच. आणि बटण कुठे आहे हे पेशी मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

तर तुमची वही काढा आणि एकच गोष्ट बघा: कंट्रोल (तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या) आणि ट्रीटमेंटच्या (ज्यांवर प्रयोग केला त्या) प्लेट्स कुठे ठेवल्या होत्या? दोन्ही एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी असतील, तर कप्प्याचा जो काही गुणदोष आहे तो दोघींना सारखाच लागला आणि तुमची तुलना बहुतांशी शाबूत आहे. कंट्रोल कायम वर आणि ट्रीटमेंट कायम खाली असेल, तर मात्र चिंता रास्त आहे, आणि ती चुंबक अस्तित्वात नसतं तरी रास्त असती. वहीत कप्पाच लिहिलेला नसेल (बहुतेकांच्या वहीत नसतो), तर आठवणीवर विसंबू नका. तुमचे सगळ्यात महत्त्वाचे दोन-तीन प्रयोग निवडा आणि प्लेट्सच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवून पुन्हा करा. निकाल तसाच राहिला तर शांत झोपा. जागेबरोबर निकाल बदलला, तर तेही थिसिसमध्ये लिहिण्यासारखं आहे. परीक्षक अशा पानावर खूश होतात, निदान मी तरी होत असे.

फोनबद्दल दोन शब्द. त्यातला सेन्सर वाईट नाही, पण त्याच फोनमध्ये स्पीकरचं चुंबक आहे, कव्हरमध्येही असू शकतं. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून सेन्सर जाग्यावर आणा, इनक्युबेटर साफसफाईसाठी रिकामा असेल तेव्हाच मोजा. तरीही तो आकडा स्थिर क्षेत्राचा. पंख्याच्या मोटरचं ५० हर्ट्झचं बदलतं क्षेत्र या ॲपला नीट दिसत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्र विभागातून गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) उसना आणा. आणि घाबरून प्लेट्स म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डबीत बंद करू नका. तिथे क्षेत्र जवळपास शून्य होतं, आणि पेशींसाठी शून्य हीसुद्धा एक ट्रीटमेंटच झाली.

गाईडना ‘चुंबकीय क्षेत्र’ हा शब्दच उच्चारू नका. ‘सर, प्लेट्सच्या जागा आलटून-पालटून ठेवते आणि कप्प्याचा क्रमांक वहीत नोंदवते’ एवढंच सांगा. याला नाही म्हणणारा गाईड मी पाहिलेला नाही.

वहिनींचं उत्तर छोटं आहे, पण त्यांना हसून घालवू नका. मीटरजवळचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं. घरच्या विजेच्या ५० हर्ट्झ क्षेत्रासाठी सर्वसामान्य माणसांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे, आणि घरातली नेहमीची पातळी बहुधा ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. हेअर ड्रायर डोक्याशी धरला तर क्षणभर या घरातल्या पातळीहून कितीतरी जास्त मिळतं. हेही खरं की २००२ मध्ये आयएआरसी या कर्करोग-संशोधन संस्थेने अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं होतं. हा आजार मुळात विरळा, अशी घरंही थोडी, आणि कारण तेच का हे सिद्ध झालेलं नाही. पण पलंग भिंतीपासून हातभर सरकवायला काही लागत नाही. सरकवा. ‘तुझी समजूत घालायला म्हणून’ असं म्हणून सरकवू नका, नुसता सरकवा.

बाळ येणार आहे म्हणून मला खरी काळजी वेगळ्याच चुंबकाची वाटते. पट्ट्याच्या शिवणीतून निसटलेली छोटी ताकदवान चुंबकं मुलांनी गिळली, तर दोन चुंबकं आतड्याच्या दोन वळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चिरडतात. ही तातडीची शस्त्रक्रिया असते. शिवण तपासा. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर आहे त्यांनी चुंबकाचे पट्टे, आणि पाठीला चुंबक असलेले फोनही, यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. चुंबकाने ती यंत्रं वेगळ्या मोडमध्ये जातात. चुंबक खरोखर धोक्याचं ठरतं ते अशा ठिकाणी.

राहिले बाबा. पट्टा नेहमी दुखणं कळसाला पोचलं की बांधला जातो, आणि कळसानंतर दुखणं तसंही उतरतं. शिवाय पट्टा ऊब देतो, आधार देतो. त्यांना बरं वाटतंय हे खोटं नाही. आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) ७० रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत (२०१३) खऱ्या चुंबकाच्या मनगटपट्टीने नकली पट्टीपेक्षा काही जास्त साधलं नाही. अशा चाचणीत एक मजेशीर अडचण असते: खिशात टाचणी असली की रुग्णाला आपली पट्टी खरी की खोटी हे लगेच कळतं. चुंबकीय क्षेत्राने हाडं जुळवणारी उपकरणं अमेरिकेत १९७९ पासून मान्य आहेत, हा मुद्दा ते काढतील. त्यांत क्षेत्र सतत बदलतं आणि ऊतीत बारीक वीजप्रवाह निर्माण करतं. पट्ट्यातलं चुंबक नुसतं बसून असतं.

माफी ‘थोतांड’ या शब्दाची मागा. तो तुमच्या अभ्यासातून आला नव्हता, रागातून आला होता. पट्टा काढायला लावू नका, भांडण पट्ट्याचं नाहीच. भांडण सुटलेल्या व्यायामांचं आहे.

मग एक साधं होकायंत्र आणा आणि मोजायचं काम बाबांना द्या. टेबलावर सुई उत्तरेला स्थिर होऊ द्यायची. पट्टा पूर्वेकडून, चुंबकांची बाजू सुईकडे करून, हळूहळू जवळ आणायचा. सुई जिथे ४५ अंशांनी वळेल तिथे पट्ट्याचं क्षेत्र आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र सारखं झालं. तिथे थांबून बोटांनी अंतर मोजायचं. लवचीक पट्टीत ध्रुव आलटून-पालटून असतील तर सुई अगदी चिकटेपर्यंत हलणार नाही. अशा दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून सरकवल्या की खडखड उड्या मारत सरकतात, ते त्यांना दाखवा. चुंबकं सुटी आणि जाड असतील तर बाबा विजयाने म्हणतील, ‘चार बोटं! म्हणजे गुडघ्याच्या आत पोचतंय की.’ हो म्हणा, पोचतंय. आणि होकायंत्र तिथेच राहू देऊन त्यांच्याबरोबर व्यायामाच्या चटईवर बसा.